घुमट बरोबर आहे, बिघाड कडांत आहे

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी दीक्षाभूमीच्या स्तूपाचं थ्रीडी प्रिंटसाठी मॉडेल करून राहिला आहे. आकार सोपा केलेला: एक पोकळ घुमट, खाली फरशी, चार दिशांना चार कमानीदार दारं, बाहेर बारीक कठडा. सगळं इम्प्लिसिट फंक्शनमध्ये लिहिलंय. म्हणजे अवकाशातला बिंदू द्यायचा, एक आकडा मिळतो. आत ऋण, बाहेर धन, आणि शून्य येतं तिथे पृष्ठभाग. त्यावर १२८ × १२८ × १२८ चं ग्रिड टाकून मार्चिंग क्यूब्जने (ग्रिडचं एकेक घनाकृती घर तपासून त्यात त्रिकोण बसवणारी पद्धत) मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी, काढली. घुमट झकास आला. पण कमानींच्या कडा घासल्यासारख्या बोथट, कठड्याचे तुकडे तुकडे, आणि स्लायसर (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) 'नॉन-मॅनिफोल्ड', म्हणजे पृष्ठभाग नीट बंद आणि सलग नाही, म्हणून फाइल परत करतो. "दादा, ग्रिड ५१२ करू, की अल्गोरिदमच बदलू?" शेवटी एक जोडप्रश्न: त्याचा मित्र सीटी स्कॅनवरून जबड्याचं मॉडेल करतोय, त्यालाही हेच लागू पडेल का?

आत्ताच ५१२ वर जाऊ नकोस. आधी चूक कुठे साचली आहे ते पाहू, कारण ती सगळीकडे सारखी नाही.

ग्रिड ज्यात बसवलंस तो तुझा डबा २०० मिमीचा, म्हणजे एका घराची बाजू साधारण १.५६ मिमी. घुमटाची त्रिज्या ९० मिमी. सोयीसाठी गोल धरू. गोलावर सपाट त्रिकोण बसवला की मधोमध जी फट उरते ती अंदाजे त्रिकोणाच्या बाजूचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. घराच्या एका चौकोनी पृष्ठाचा कर्ण २.२ मिमी घेतला तरी फट येते ०.००७ मिमी. तुझ्या प्रिंटरचा एक थरच ०.२ मिमीचा आहे. म्हणजे घुमट १२८ ला गरजेपेक्षा जास्त अचूक आहे. ६४ लाही चालला असता. आता ५१२ केलंस तर नमुने एकवीस लाखांवरून तेरा कोटींच्या पुढे जातात, चार बाइटच्या फ्लोटमध्ये नुसत्या किमतीच ५१२ एमबी खातात, आणि त्यातला बहुतेक खर्च घुमटावर आणि त्याच्या आतबाहेरच्या रिकाम्या हवेवर होतो. जिथे दुखतंय तिथे त्यातलं फार थोडं पोचतं.

कडेचं गणित कागदावर करून बघ, एकाच घराचं आणि दोनच मितींत. घराची बाजू १ धर. डावा-खालचा ग्रिडबिंदू (०, ०) वस्तूच्या आत आहे आणि वस्तूचा काटकोनी कोपरा (०.७, ०.२) ला आहे. दोन भिंतींचा छेद तू मॅक्सने घेतोस, म्हणून फंक्शन झालं मॅक्स(क्ष − ०.७, य − ०.२). खालच्या कडेवर (०, ०) ला किंमत −०.२, (१, ०) ला ०.३. मार्चिंग क्यूब्ज या दोन आकड्यांमध्ये सरळ रेष धरतं आणि शून्य काढतं: ०.२ भागिले ०.५, म्हणजे ०.४. खरी भिंत कुठे आहे? ०.७ वर. घराच्या तीन दशांशांची चूक, तुझ्या मापात जवळपास अर्धा मिलिमीटर. कारण या कडेवर फंक्शन सरळ नाहीच. क्ष ०.५ होईपर्यंत ते −०.२ वर सपाट पडून असतं, मग वर चढतं. डाव्या उभ्या कडेवर मात्र मोड लागत नाही आणि उत्तर नेमकं ०.२ येतं. म्हणजे एकाच घरात एक बिंदू बरोबर, दुसरा साफ चुकीचा. तुझ्या कमानीच्या कडेला जी करवतीसारखी लहर दिसते तिचं मूळ इथे आहे. लोक तिला मार्चिंग क्यूब्जचा स्वभाव समजून सोडून देतात, पण हा दोष फक्त रेषीय अंदाजाचा आहे.

हा दोष फुकटात जातो. तुझ्याकडे फंक्शन आहे, नुसते नमुने नाहीत. चिन्ह बदलणाऱ्या प्रत्येक कडेवर दहा वेळा मध्यबिंदू घेऊन अर्धं अर्धं करत जा. दहा पावलांत अनिश्चितता घराच्या १०२४ व्या भागावर, म्हणजे ०.००१५ मिमीवर येते. न्यूटन पद्धत इथे नको, मोडाजवळ ती कडेच्या बाहेर उडी मारते. रेग्युला फाल्सीचं (दोन टोकांतून रेष काढून शून्य शोधण्याची पद्धत) एक टोक जागचं हलत नाही. साधं द्विभाजन रटाळ आहे, पण फसत नाही. पायथनमध्ये सायकिट-इमेज या लायब्ररीचं मार्चिंग क्यूब्ज वापरत असशील तर त्यातून येणारे शिरोबिंदू ग्रिडच्या कडांवरच असतात, म्हणजे ग्रिडच्या एककांत तीनपैकी दोन सहनिर्देशांक पूर्णांक. त्यावरून कड ओळख, द्विभाजन कर, बिंदू सरकव. काही थोडे बिंदू घराच्या पोटात येतात, ते तसेच राहू दे.

आता दुसरा दोष, आणि हा मात्र खरोखर अल्गोरिदमचा. दोन्ही बिंदू बरोबर मिळाले, (०.७, ०) आणि (०, ०.२), तरी मार्चिंग क्यूब्ज त्यांना सरळ रेषेने जोडणार. कोपरा कापला गेला. त्या रेषेपासून कोपरा ०.१९ दूर आहे, तुझ्याकडे ०.३ मिमी. घर चौपट लहान केलं की ही कापणीही चौपट लहान होईल, हे खरं. पण कापलेल्या पट्टीचा कल तसाच राहतो. दोन भिंतींच्या मध्ये एक तिरपी पट्टी, जिची दिशा दोघींपैकी एकीशीही जुळत नाही. ग्रिड कितीही बारीक करा, ती पट्टी अरुंद होते, सरळ होत नाही. कोबेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हेच दाखवलं: तीक्ष्ण कडेजवळ मेशची जागा खऱ्या पृष्ठभागाकडे सरकते, पण नॉर्मल (पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशा) सरकत नाहीत. स्क्रीनवरचा उजेड नॉर्मलवरून ठरतो, म्हणून ५१२ ची कड स्क्रीनवर तरीही बोथट दिसते.

यावरचा इलाज म्हणजे ड्युअल कंटूरिंग. ताओ जू, लोसासो, शेफर आणि वॉरन यांचं २००२ चं काम. त्यात शिरोबिंदू ग्रिडच्या कडांवर नसतो, प्रत्येक घराच्या आत एक असतो. कडांवर मिळालेला प्रत्येक छेदबिंदू आणि तिथला नॉर्मल मिळून एक प्रतल ठरतं. घरातला बिंदू असा शोधायचा की या सगळ्या प्रतलांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी व्हावी. आपल्या उदाहरणात (०.७, ०) ला नॉर्मल आडवा, म्हणून क्ष = ०.७, (०, ०.२) ला नॉर्मल उभा, म्हणून य = ०.२. उत्तर नेमका कोपरा. मग चिन्ह बदलणारी ग्रिडची प्रत्येक कड घे, तिला चिकटलेल्या चार घरांचे चार बिंदू जोड, चौकोन तयार. कमानीची कड एका रेषेत उभी राहते, आणि तीही १२८ वर.

मात्र दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, सपाट भिंतीवर सगळे नॉर्मल सारखेच असतात, त्यामुळे भिंतीच्या समांतर दिशेला बिंदू कुठेही ठेवला तरी बेरीज तीच. गणित मोकळं सुटतं आणि बिंदू घराबाहेर पळतो. म्हणून छेदबिंदूंची सरासरी जागा हा आरंभ धरून तिथून किती सरकायचं ते सोडव, एसव्हीडीमधल्या (ही समीकरणं सोडवण्याची मॅट्रिक्स-पद्धत) लहान सिंग्युलर किमती (प्रमाणित केल्यावर ०.१ च्या खालच्या) शून्य कर, आणि तरीही बिंदू घराबाहेर गेला तर घराच्या हद्दीत ओढून घे. हद्द पाळली नाहीस तर मेश स्वतःलाच छेदते.

दुसरं, नॉर्मल. पुढे-मागे थोडं सरकून फरक घेणार असशील तर ते 'थोडं' किती, याचा विचार कर. ३२ बिट फ्लोटमध्ये १८० च्या आसपास दोन शेजारी आकड्यांमधलं अंतरच ०.००००१५ आहे. तू ०.००००१ चं पाऊल टाकलंस तर बिंदू एक तर हलतच नाही किंवा दीडपट हलतो. नॉर्मल म्हणजे निव्वळ कचरा. ६४ बिट वापर आणि पाऊल घराच्या हजाराव्या भागाइतकं ठेव. फंक्शन स्वतः लिहिलं आहेस तर ऑटोमॅटिक डिफरन्सिएशन (कोडवरूनच नेमका विकलज काढणं) त्याहून बरं. मॅक्स-मिनच्या जागी ते जी शाखा जिंकली तिचाच नॉर्मल देतं, आणि आपल्याला हवा तोही तोच.

कठड्याची गोष्ट वेगळी. कठडा ०.८ मिमी जाड, घर १.५६ चं. मार्चिंग क्यूब्ज असो की ड्युअल कंटूरिंग, दोघांनाही फक्त ग्रिडबिंदूंवरची चिन्हं दिसतात. दोन बिंदूंच्या मधून कठडा निसटला की तो नाहीच. जिथे योगायोगाने बिंदू कठड्यात पडला तिथे तुकडा उमटतो, बाकी चाळणीतून रवा जावा तसा जातो. द्विभाजनही इथे काही करू शकत नाही, कारण जी कड चिन्ह बदलत नाही तिच्यावर ते चालूच होत नाही. हिशेब असा: घराच्या बाजूच्या √३ पटीपेक्षा मोठ्या व्यासाचा गोळा कुठेही ठेवला तरी त्यात एक तरी ग्रिडबिंदू सापडतोच. नुसतं सापडणं म्हणजे सलग जोडलेलं राहणं नव्हे, म्हणून मी जाडी घराच्या किमान दुप्पट धरतो. ०.८ साठी घर ०.४ चं हवं. म्हणजे कठड्यापुरतं ५१२ बरोबर आहे, आणि फक्त कठड्यापुरतंच.

तेव्हा सगळीकडे बारीक ग्रिड न टाकता ऑक्ट्री कर. घराच्या मध्यावर फंक्शनची किंमत घे. फंक्शन अंतरापेक्षा वेगाने बदलत नसेल, म्हणजे त्याच्या ग्रेडियंटची लांबी कुठेही १ च्या वर जात नसेल, तर किंमत (चिन्ह सोडून) घराच्या अर्ध्या कर्णापेक्षा मोठी आहे याचाच अर्थ त्या घरात पृष्ठभाग नाही. फेकून दे, नाहीतर आठ भाग करून आत जा. अशाने काम घनाऐवजी वर्गाच्या हिशेबाने वाढतं, कारण पृष्ठभागाला लागून असलेली घरंच उरतात. ग्रेडियंटची खात्री नसेल तर इंटरव्हल अरिथमेटिक वापर: पूर्ण घरासाठी किमतीची खालची-वरची हद्द काढायची, हद्दीत शून्य नसेल तर घर बाद. हद्द जरा सैल येते, पण खोटं बोलत नाही. नमुने घेऊन अंदाज बांधण्यात आणि हद्द सिद्ध करण्यात हाच फरक, आणि बारीक कठड्याला तो लागतोच. की कठडा १.२ मिमी करतोस? ०.४ च्या नोझलला तीन रेघा मिळतील, प्रिंटही टिकेल. एवढ्या लहान मॉडेलमध्ये कोणी मोजायला येत नाही.

आता नॉन-मॅनिफोल्ड. तुझ्या वर्णनावरून मला तीन जागांचा संशय आहे.

डबा तू झेड = ० पासून सुरू केलास आणि फरशीही नेमकी झेड = ० वर. दारांच्या बाजूही ग्रिडच्या प्रतलात. मग हजारो ग्रिडबिंदूंवर किंमत नेमकी शून्य येते, एकाच जागी दोन-तीन शिरोबिंदू येऊन बसतात आणि शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण तयार होतात. स्लायसर ते वेल्ड करायला जातो आणि तिथेच गुंता. ग्रिड तिन्ही दिशांना घराच्या ०.३७ इतकं सरकव, आणि वस्तूच्या चहूबाजूंनी दोन घरं मोकळी ठेव. डब्याच्या भिंतीला वस्तू टेकली की मेश तिथे उघडी राहते. शून्य म्हणजे आत की बाहेर, हा नियम कोडमध्ये एकाच ठिकाणी लिही.

दुसरी जागा म्हणजे टेबल: घराच्या आठ कोपऱ्यांवरची चिन्हं पाहून त्रिकोण कसे जोडायचे ते सांगणारी यादी. लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मूळ पद्धत मांडली तेव्हा २५६ शक्यता सममितीने १५ वर आणल्या. त्यात आत-बाहेर उलटवणंही सममिती म्हणून धरलं होतं, आणि घोळ तिथे झाला. घनाच्या एखाद्या पृष्ठावर कर्णाने समोरासमोरचे दोन कोपरे धन आणि उरलेले दोन ऋण असतील तर दोन प्रकारे जोडता येतं. शेजारच्या दोन घनांनी वेगवेगळं जोडलं की मध्ये भोक. ड्यर्स्टने १९८८ मध्येच हे दाखवून दिलं. तोडगा नील्सन आणि हामान यांचा, १९९१ चा, आणि तो एका ओळीचा आहे: दोन धन किमतींचा गुणाकार दोन ऋण किमतींच्या गुणाकारापेक्षा मोठा असेल तर धन कोपरे जोडायचे, नाहीतर ऋण. दोन्ही घन तेच चार आकडे पाहतात, म्हणून निकालही तोच. इंटरनेटवरून उचललेलं जुनं टेबल वापरत असशील तर आधी ते काढून टाक. सायकिट-इमेजमध्ये लेविनरची आवृत्ती आहे, ती या बाबतीत भरवशाची. ड्युअल कंटूरिंगला हा त्रास वेगळ्या रूपात होतो: एकाच घरातून पृष्ठभागाचे दोन पदर जात असतील तरी बिंदू एकच, मग दोन्ही पदर तिथे चिमटले जातात. २००७ मधली मॅनिफोल्ड आवृत्ती त्यासाठीच आहे. कठडा आणि घुमट यांच्यातली फट अरुंद असेल तर तुला ती लागेल.

तिसरी जागा फाइलची. एसटीएलमध्ये (प्रिंटसाठीचा नेहमीचा फाइल-प्रकार) प्रत्येक त्रिकोण आपले तीन बिंदू स्वतंत्र लिहितो. एका घराने कडेचा छेद डावीकडून उजवीकडे काढला आणि शेजाऱ्याने उजवीकडून डावीकडे, तर शेवटच्या बिटमध्ये फरक पडतो आणि केसाएवढी चीर राहते. प्रत्येक ग्रिड-कडेला एक क्रमांक दे, छेद एकदाच काढ, साठव, दोघांनी तोच वापरावा. शक्य असेल तर थ्रीएमएफ या दुसऱ्या फाइल-प्रकारात लिही, म्हणजे ही जोडणी फाइलमध्येही टिकते.

घुमटाची तू तक्रार केली नाहीस, पण तुझ्या फंक्शनमध्ये मला एक गोष्ट खटकली. घुमट थोडा बसका दिसावा म्हणून तू लंबगोल घेतलास, आडवा अर्धअक्ष ९०, उभा ७२, आणि कवच करायला किमतीचं निरपेक्ष मूल्य घेऊन त्यातून एक स्थिरांक वजा केलास. (क्ष/९०)² + (झेड/७२)² − १ हे अंतर नव्हे. त्याचा ग्रेडियंट पायथ्याशी २/९० आहे आणि माथ्यावर २/७२. पायथ्याशी २.५ मिमी जाडी मिळेल असा स्थिरांक ठेवलास तर माथ्यावर जाडी २ मिमीच येते. मेश कितीही काटेकोर काढ, ती चुकीच्या फंक्शनची काटेकोर मेश असेल. फंक्शनला त्याच्या ग्रेडियंटच्या लांबीने भाग. पृष्ठभागाजवळ ते अंतराच्या बरंच जवळ जातं. मध्याशी ग्रेडियंट शून्य होतो, तिथे भागाकार फाटेल, म्हणून खाली किमान हद्द ठेव. ऑक्ट्रीची छाटणी मात्र या भागलेल्या फंक्शनवर करू नकोस, त्याच्या ग्रेडियंटची हमी नाही, तिथे इंटरव्हलच. जायरॉइड भरणीचे (आत वळणदार पृष्ठभागांची जाळी असलेले) भाग करणाऱ्या आमच्या हिंगण्याच्या पोरांनाही मी हेच सांगत असतो, तिथे तर जाडी जागोजागी बदलते.

शेवटी तपासणी, आणि ही डोळ्यांनी करायची नाही. कठडा काढून टाक, उरलेल्या आकारासाठी शिरोबिंदू − कडा + त्रिकोण मोज. पोकळ घुमट, बंद फरशी आणि चार दारं: बाहेरच्या आवरणातून चार चकत्या गेल्या, आतल्यातून चार, आणि चार नळ्यांनी दोन्ही जोडले. (२ − ४) + (२ − ४) + ० = −४. ट्रायमेशमध्ये (मेश तपासणारी पायथनची लायब्ररी) ऑयलर नंबर, म्हणजे हाच आकडा, −४ आला नाही तर कुठेतरी भोक आहे, सुटा तुकडा तरंगतोय, किंवा एखादं दार बुजलंय. अचूकतेसाठी फंक्शनची किंमत त्रिकोणांच्या मध्यावर तपास. शिरोबिंदूंवर तपासून खूश होऊ नकोस; मार्चिंग क्यूब्जमध्ये ते द्विभाजनानंतर पृष्ठभागावर असणारच. ग्रिड दुप्पट केल्यावर मध्यावरची चूक घुमटावर चौपट उतरायला हवी. दुप्पटच उतरत असेल तर ते त्रिकोण रंगवून बघ, ते सगळे एखाद्या कडेवर रांगेत उभे दिसतील.

(मॉडेल पीएलए या प्लास्टिकमध्ये काढणार असशील तर मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवू नकोस. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि इथली गाडी तेवढी तापते. मग कशाला आलीय ०.००१५ मिमी.)

मित्राचा जबडा. त्याला यातलं निम्मं लागू नाही. त्याच्याकडे फंक्शन नाही, नमुनेच आहेत. दोन नमुन्यांच्या मध्ये काय आहे ते विचारायला कोणी नाही, म्हणून द्विभाजनाने काही नवं कळत नाही. नॉर्मलही नमुन्यांच्या फरकातूनच काढावा लागणार, त्यात स्कॅनचा गोंगाट मिसळलेला, आणि ड्युअल कंटूरिंग त्या गोंगाटाला प्रामाणिकपणे तीक्ष्ण कडा देत सुटेल. मार्चिंग क्यूब्ज मुळात अशाच वैद्यकीय डेटासाठी जन्मलं. त्याने तेच वापरावं, टेबल नीट असलेलं. त्याची खरी अचूकता उंबरठ्यात आहे: हाडासाठी कोणता आकडा कापायचा, हे थोडं इकडेतिकडे झालं की हाड जाड-बारीक होतं आणि पातळ हाडाला भोकं पडतात. आणि स्लाइसमधलं अंतर पिक्सेलच्या मापाइतकं नसतं. पिक्सेल ०.५ मिमी आणि स्लाइस १.२५ मिमीवर असतील तर तिन्ही दिशांची अंतरं (०.५, ०.५, १.२५) प्रोग्रामच्या स्पेसिंगमध्ये द्यायला सांग. न दिल्यास घर घनच धरलं जातं आणि जबडा उभ्या दिशेला अडीचपट चेपलेला निघतो.